रजेचं कारण: वैयक्तिक

पार्श्वभूमी

एका बापाने मूल सांभाळायला घेतलेल्या रजेचं हे प्रकरण २०२३ सालचं. चाकण एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी तेव्हा एच.आर.ला होते. ज्याची गोष्ट आहे त्याला आणि त्याच्या बायकोला विचारून लिहिते आहे. नाव कुणाचंच देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तो क्वालिटीत होता, म्हणून शॉपवर, म्हणजे कारखान्यात कामाच्या जागी, सगळे त्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचे. इथेही तेच म्हणू. त्याची बायको सरकारी बँकेत अधिकारी. शाखेत तिला म्हणतात तसं आपण ‘मॅडम’ म्हणू. मुलगी पहिलीच, जानेवारीत जन्मलेली. तिला घरात छकुली म्हणतात, ते तसंच ठेवते.

राहायला मोशीत, दोन बेडरूमचा फ्लॅट, डोक्यावर गृहकर्ज. इन्स्पेक्टरच्या हातात महिन्याला ४१ हजार यायचे, मॅडमच्या ६७ हजार. कर्जाचा हप्ता साडेसव्वीस हजार. आमच्याकडे त्याची चार वर्षं तीन महिने नोकरी झाली होती. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

मॅडमची शाखा राजगुरुनगरला. मोशीहून अंतर काही फार नाही, पण वाटेत चाकण लागतं. तळेगाव चौकात संध्याकाळी जे अडकले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी आठला निघालेली बाई घरी यायला रात्रीचे आठ.

अडचण

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मॅडमने जवळजवळ सगळी बाळंतपणानंतरसाठी राखली होती. ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात संपत होती. पुढचं ठरलेलं होतं: इन्स्पेक्टरची आई संगमनेर तालुक्यातून येऊन राहणार. मे महिन्यात आईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचं नक्की झालं. म्हणजे निदान सहा महिने त्यांना स्वतःलाच कुणीतरी लागणार. मॅडमचं माहेर बार्शीला. तिथे तिच्या आईच्या गळ्यात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई.

सहा महिन्यांचं बाळ आणि हातात पाच आठवडे, अशी ही परिस्थिती होती.

पर्याय

पाळणाघर. मोशीत त्यांनी चार बघितली. तीन ठिकाणी वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हते. चौथ्या ठिकाणी घेत होते, पण आठ मुलांना एक मावशी आणि साडेसहाला कुलूप. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली तर आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, हे २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात होतं. आमच्याही फायलीत एका पाळणाघराशी केलेला करार होता. इन्स्पेक्टर तिथे जाऊन आला आणि मला म्हणाला, “तिथे दीड वर्षाच्या आतलं घेतच नाहीत.” ते मला ठाऊक नव्हतं. करार माझ्या आधीच्या माणसाने केला होता आणि मी तो कधी उघडून वाचला नव्हता.

बाई ठेवून पाहिली. दोघी आल्या, दोन्ही आठवड्याच्या आत गेल्या. एकीला तर छकुलीपेक्षा फोनचंच जास्त कौतुक होतं.

मॅडमने बिनपगारी रजा वाढवावी, हा पर्याय दोन्ही घरांतल्या प्रत्येकाने सुचवला. पण घर चालत होतं तिच्या पगारावर, आणि प्रमोशनच्या मुलाखतीचं वर्षही तेच होतं. गंमत अशी की या पर्यायाचा हिशेब कुणी केलाच नाही. तो आपोआप ‘सोपा’ ठरला होता. कागदावर आकडे मांडले ते इन्स्पेक्टरने.

मग त्यानेच एक मधला मार्ग काढला: कायमची तिसरी पाळी. रात्री साडेअकराला आत, सकाळी साडेसहाला बाहेर, सव्वासातला घरी. आठला मॅडम बाहेर पडणार, रात्री आठला परत येणार, मग हा झोपणार साडेआठ ते साडेदहा. सुपरवायझर खुश, कारण तिसरी पाळी मागून घेणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. मीही सही केली. चोवीस तासांत हा माणूस झोपणार कधी, एवढी बेरीज मी करायला हवी होती.

नऊ दिवस निभावलं. दहाव्या दिवशी दुपारी छकुलीला शेजारी घेऊन तो दिवाणावर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. छकुली नुकतीच पालथी पडायला लागली होती. जाग आली ती आवाजानेच. खाली गोधडी पसरलेली होती म्हणून कपाळाला टेंगूळ येण्यावर भागलं. डॉक्टरांनी चोवीस तास लक्ष ठेवायला सांगितलं. मॅडम त्या दिवशी लवकर घरी आली, आणि हा रात्री पाळीला गेला. त्या रात्री त्याने भोक मोठं झालेले २४० नग पास केले. भोकाचं माप तपासायचा प्लग गेज हातात होता, नुसता घालून काढत होता, बघत नव्हता. माल फायनल इन्स्पेक्शनला सापडला. सकाळी मेमो काढायला कागद माझ्याकडे आला, आणि सगळी हकिकत मला कळली ती अशी.

निर्णय आणि तो कागद

मेमोचं उत्तर घेऊन तो आला, सोबत एक अर्जही होता: पाच महिने बिनपगारी रजा.

प्लँट हेड वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं: “राजीनामा दे म्हणावं, डिसेंबरात परत घेऊ.” ऐकायला ठीक वाटतं. पण ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, सलग पाच वर्षं सेवा लागते, आणि याची पाचला नऊ महिने कमी होती. राजीनाम्याने ती साखळी तुटली असती. मंजूर रजेने ती तुटत नाही. फरक इतकाच असेल की बिनपगारी महिन्यांत भविष्यनिर्वाह निधीत भर पडणार नाही. शिवाय हजेरीपटावर नाव राहिलं तर ग्रुप मेडिक्लेम चालू राहतो, आणि त्यात आईचं नाव होतं, जिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. आई-वडिलांच्या प्रीमियमचा त्याचा हिस्सा पगारातून कापला जायचा, तो त्याने पाच महिन्यांचा आगाऊ चेकने भरला. हे मी त्याला आठवणीने सांगितलं. या प्रकरणात अभिमानाने सांगावं असं माझं एवढंच.

पुढचा प्रश्न असा की ही रजा बसवायची कशात? खासगी नोकरीतल्या बापाला कायदा एकही दिवस देत नव्हता. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. २०१७ मध्ये हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी सगळ्याच बापांसाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. आमच्या रजेच्या नियमांत तर ‘संगोपन’ हा शब्दच नव्हता. “बापाला मूल सांभाळायला रजा” असं लिहून वर पाठवलं असतं तर पुण्याच्या मुख्य कार्यालयातून दहा प्रश्न आले असते. म्हणून मी कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं. आधी शिल्लक असलेली १९ दिवसांची हक्काची रजा, त्यानंतर बिनपगारी. सुरुवात १७ जुलै, हजर होण्याची तारीख १८ डिसेंबर. दोन दिवसांत मंजुरी आली. मला वाटलं, मी मोठं शहाणपण केलं.

घरी

दुसऱ्या दिवसापासून त्याने रजिस्टर घातलं. लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यात रकाने आखले: वेळ, दूध, खाणं, झोप, शी, शू, शेरा. मॅडमने शाखेत रेकॉर्ड रूममध्ये बसून काढलेलं दूध बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून घरी यायचं. याने प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ चिकटवून फ्रिजमध्ये रांग लावली, जुनी पुढे, नवी मागे. बाहेर राहिलं तर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलं. कारखान्यात स्टोअरवाल्यांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते त्याने घरात आठवड्यात बसवलं.

फक्त छकुलीला बाटली मान्य नव्हती. तोंडात धरायची नाही. डॉक्टर म्हणाले, वाटी-चमच्याने पाजा. अर्धं दूध लाळेऱ्यात जायचं. बायको पंधरा मिनिटं यंत्र लावून जे साठ मिली काढते त्यातलं तीस मिली लाळेऱ्यात जाताना बघणं फार वाईट, असं तो मला म्हणाला होता.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याच्या जेवणाला जावई म्हणून बार्शीला जाणं भाग होतं. सासऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “काय घ्यायचं जावईबापू, अंगठी की घड्याळ?” हा म्हणाला, “बाबा, बोंडलं मिळेल का?” सासूबाई आधी हसल्या. मग आत गेल्या आणि कपाटातून चांदीचं एक जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, घेऊन आल्या. मॅडम त्याच्यातूनच दूध प्यायली होती. चिंचेने घासून, उकळून त्यांनी त्याच्या हातात दिलं आणि धार गालाच्या कडेने कशी सोडायची ते समोर बसून शिकवलं. छकुली त्या बोंडल्याने गटागटा प्यायली. त्याच पंगतीत शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा सासरे मात्र म्हणाले, “रजा टाकून आलेत, तब्येत जरा बरी नव्हती.”

घरातला खरा पेच दुधाचा नव्हताच, फोनचा होता. मॅडम दिवसात दहा-अकरा वेळा व्हिडिओ कॉल करायची. छकुली पडद्यावर आई बघायची, हात पुढे करायची, कॉल बंद झाला की अर्धा तास रडायची. आणि प्रत्येक कॉलमध्ये सूचना: टोपी घाल, पंखा कमी कर, नाचणीची पेज अजून पातळ कर. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, “दिवसा व्हिडिओ बंद. एक वाजता मी रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकेन.” ती त्याला म्हणाली, “मला काढून टाकतोयस का?” आठ दिवस घरात अबोला. या निर्णयाबद्दल दोघांचं मत आजही एक नाही. त्याच्या मते त्या दिवसापासून घर मार्गी लागलं. तिच्या मते निर्णय बरोबर होता, पण तो कळवला गेला, विचारला गेला नाही. मला तिचं पटतं.

पैशाचं पहिलं टोचणं औषधाच्या दुकानात बसलं. त्याच्या खात्यात दीडशे रुपये, बिल चारशेवीस. काउंटरवर उभं राहून, कडेवर मूल घेऊन त्याने बायकोला फोन केला, ती मीटिंगमध्ये. दुकानदार म्हणाला, “राहू द्या साहेब, उद्या द्या.” संध्याकाळी मॅडमने न विचारता बँकेतल्या माणसासारखा तोडगा काढला: दर महिन्याच्या १ तारखेला तिच्या खात्यातून १२ हजार त्याच्या खात्यात, आपोआप. त्याच्या आई-वडिलांना गावी जाणारे पाच हजारही त्यातूनच, म्हणजे त्याच्याच हाताने. असा तोडगा पहिल्या दिवशीच निघायला हवा होता.

सोसायटीत संध्याकाळी पाच वाजता बायका मुलांना घेऊन खाली बसतात. हा गेला की गप्पा थांबायच्या. कुणी वाईट वागलं नाही, पण बाकावर जागा व्हायची नाही. त्याला घेतलं ते पलीकडच्या कट्ट्यावरच्या आजोबांनी. त्यांतले एक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी घरी येऊन छताच्या हुकाला नऊवारीची झोळी कशी बांधायची ते दाखवलं, आणि गाठ स्वतः लोंबकळून तपासली.

ऑक्टोबरात नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लशीसाठी तो महापालिकेच्या दवाखान्यात गेला. बाकावर सगळ्या बायका. सिस्टरने कार्ड हातात घेतलं. कार्डाचं नावच ‘माता-बाल संरक्षण’.

“मुलीची आई कुठंय?”
“कामावर.”
“मग आजी?”
“गावाला. मीच आहे, विचारा काय ते.”

खाणं काय, किती वेळा, शी कशी, झोप किती, सगळं त्याने रजिस्टर उघडून सांगितलं. सिस्टर मान वर करून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वेळेचा फोन येईल. कुणाला? कार्डावर नंबर मॅडमचा. आपला नंबर घाला म्हटल्यावर त्यांना रकाना सापडेना. शेवटी समासात बॉलपेनने लिहिला आणि पुढे कंसात ‘बाबा’.

बाहेर पडताना एका बाईने हळूच विचारलं, “नोकरी गेली का हो दादा?” तो ‘हो’ म्हणाला. मी चमकून का म्हणून विचारलं तर मला म्हणाला, “हो म्हटलं की विषय संपतो. रजेवर आहे म्हटलं की दहा मिनिटं जातात.”

परत येताना

या प्रकरणात सगळ्यात वाईट हाताळलेला भाग हा, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

रजेची सुरुवात कशी होईल यावर सगळ्यांनी डोकं चालवलं होतं. शेवटासाठी फक्त तारीख होती. अकरा महिन्यांची छकुली घ्यायला एक पाळणाघर डिसेंबरात तयार झालं. सवय व्हायला तीन दिवस पुरतील असं इन्स्पेक्टरने धरलं. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पाच. १८ तारखेला सोमवारी तो कामावर आला आणि छकुली एकदम नऊ तास आत. तोपर्यंत अनोळखी चेहरा दिसला की ती भोकाड पसरायला लागलेली, आणि पाच महिने दिवसभर एकच माणूस तिच्याजवळ होता. तिने दोन दिवस तिथे काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी अकरा वाजता पाळणाघरातून फोन, तोही मॅडमला, कारण अर्जावर पहिला नंबर आईचा. मॅडमने राजगुरुनगरहून त्याला लावला, त्याचा फोन शॉपच्या नियमाप्रमाणे लॉकरमध्ये. शेवटी माझ्या टेबलावर. मी शॉपवर धावत गेले.

पंधरा दिवसांत सहा गेटपास, म्हणजे सहा वेळा पाळी अर्धी सोडून बाहेर. सुपरवायझरने लेखी तक्रार दिली, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तर मीही दिली असती. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याच्या कागदावर होतं: ‘वैयक्तिक कारणास्तव रजा, समाप्त.’ संपलेल्या रजेचे गेटपास कसले?

निष्पत्ती

जानेवारीत काठी टेकत आई आल्या. छकुली अर्धा दिवस पाळणाघरात, अर्धा दिवस आजीजवळ, असं दोन महिने चाललं आणि हळूहळू बसलं. काठी घेऊन आलेल्या बाईच्या जिवावर ते बसलं, हे नोंदवून ठेवते. आल्या दिवशी त्या मुलाला म्हणाल्या होत्या, “पाच महिने बायकोच्या पगारावर बसलास, आता तरी नीट कर नोकरी.” आणि त्याच रात्री नातीला भरवताना तिला कसला घास आवडतो ते त्यालाच विचारत होत्या.

कारखान्यात त्याची लाइन दुसऱ्याकडे गेली होती. त्याला इनकमिंगला टाकलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कच्च्या मालाच्या तपासणीवर. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात पाच महिने रिकामे दिसत होते. वेतनवाढ बाकीच्यांच्या निम्मी मिळाली. पाच वर्षं मात्र एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण झाली. मॅडमची मुलाखत चांगली झाली आणि प्रमोशन मिळालं.

घराचं म्हणाल तर निकाल अर्धामुर्धा. लस, डॉक्टर, पाळणाघर, रात्रीचं उठणं हे त्याच्याकडे राहिलं. स्वयंपाक आणि डबे पुढच्या जूनपर्यंत गुपचूप मॅडमकडे सरकले होते. देशपातळीवरच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, करणाऱ्या पुरुषांचे ९७. मी हे आकडे त्याला सांगितले तर तो म्हणाला, “रजेत मी तीनशेच्या वर होतो. आता मोजत नाही.” मोजत नाही, हेच मला खटकलं. रजिस्टर १६ डिसेंबरच्या पानावर थांबलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दोघांची रजा एकावर एक पडायला हवी होती, निदान दहा दिवस. मॅडम ज्या दिवशी शाखेत गेली त्या दिवशी इन्स्पेक्टर घरात नवशिका होता. कारखान्यात ऑपरेटर बदलताना आम्ही असं कधीच करत नाही.

दवाखाना, पाळणाघर, औषधाचं दुकान, सगळीकडे पहिला नंबर कुणाचा असावा हे पहिल्याच आठवड्यात बदलायला हवं होतं. ‘पाच महिन्यांपुरतं तर आहे’ म्हणून ते राहिलं, आणि फोन नेमका पाच महिने संपल्यावर आला.

हजर होण्याची तारीख सरळ १८ डिसेंबर ठेवण्याऐवजी शेवटचा महिना अर्ध्या दिवसांचा ठेवता आला असता. पैसे तेवढेच लागले असते. मी सुचवलं नाही, कारण ‘वैयक्तिक’ रजेला अर्धे दिवस कशाला, याचं उत्तर मला वर द्यावं लागलं असतं.

तिसऱ्या पाळीच्या अर्जावर मी सही करायला नको होती. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

२०२४ च्या ऑगस्टात पेंट शॉपमधला एक जण माझ्याकडे आला. बायको नर्स, जुळी मुलं, तीन महिने रजा हवी. म्हणाला, इन्स्पेक्टरला दिली होती ना? मी अर्ज वर पाठवला, या वेळी कारण स्पष्ट लिहून. मुख्य कार्यालयातून उत्तर आलं: मूल सांभाळण्यासाठी पुरुष कर्मचाऱ्याला रजा दिल्याचं यापूर्वीचं उदाहरण असल्यास कळवावं. मी फाइल काढली. इन्स्पेक्टरच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता. रजा नामंजूर झाली. पेंट शॉपमधल्या त्या मुलाने सप्टेंबरात राजीनामा दिला.